औट घटकेचे राज्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



राज्यकर्त्यांची मुदत मोजण्याची दोन जुनी मापे मराठीत आहेत. एक ‘नव्याचे नऊ दिवस’ आणि दुसरे ‘औट घटकेचे राज्य’. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन घटकांचे, म्हणजे दीड तासाहूनही कमी वेळाचे राज्य. ही दोन्ही मापे एकाच राज्यकर्त्याला एकाच वेळी लागू पडावीत असा योग इतिहासात क्वचित येतो. तो २०२२ साली लंडनमध्ये आला. ६ सप्टेंबर २०२२ रोजी लिझ ट्रस ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या आणि २५ ऑक्टोबरला माजी पंतप्रधान झाल्या. मधले दिवस एकूण ४९.

त्यांच्यापूर्वी सर्वांत अल्पकाळ हे पद भोगण्याचा मान जॉर्ज कॅनिंग यांच्याकडे होता. १८२७ साली ते ११९ दिवस पंतप्रधान होते. परंतु कॅनिंग यांच्यापाशी एक सबळ सबब होती. ते पदावर असतानाच वारले. ट्रसबाई हयात होत्या, धडधाकट होत्या, पार्लमेंटात त्यांच्या पक्षाचे भक्कम बहुमत होते आणि सार्वत्रिक निवडणूक दूर होती. त्यांना विरोधी पक्षाने पाडले नाही, संपकरी कामगारांनी पाडले नाही, रस्त्यावर उतरलेल्या जनतेनेही पाडले नाही. ज्या देवाची त्यांनी जन्मभर पूजा बांधली, त्या बाजारदेवतेनेच त्यांना पाडले. पुराणातल्या भस्मासुराने वर मिळताच देवाच्या मस्तकावर हात ठेवण्याचा बेत केला होता. लंडनमध्ये देवानेच भक्ताच्या मस्तकावर हात ठेवला.

समाजवाद्यांनी या कथेकडे नुसते करमणूक म्हणून पाहू नये. हसण्यासारखे तिच्यात पुष्कळ आहे, आणि हसण्याच्या जागी अवश्य हसावे. परंतु हसून झाल्यावर जो प्रश्न उरतो तो समाजवाद्यांच्या घराचा आहे, म्हणून ही कथा क्रमाने सांगणे आवश्यक आहे.

राज्यारोहण

जुलै २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांना त्यांच्याच मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावून घालविले. हुजूरपक्षाने नव्या नेत्याचा शोध सुरू केला. खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनाक यांना १३७ आणि ट्रसबाईंना ११३ मते पडली. खासदारांचा कौल असा असला तरी अंतिम निर्णय पक्षाच्या वर्गणीदार सभासदांच्या हाती होता. त्यांनी ६०,३९९ विरुद्ध ८१,३२६ मतांनी ट्रसबाईंना निवडले. ब्रिटनचे मतदार सुमारे पावणेपाच कोटी आहेत. त्यांच्यापैकी ८१ हजार जणांनी, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या मतदारयादीतही हरवून जाईल एवढ्या संख्येने, देशाचा पंतप्रधान ठरविला. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या देशात हे सर्व नियमानुसारच झाले, हे विशेष.

ट्रसबाईंचा वैचारिक प्रवास पाहता त्यांना स्थितिशील म्हणता येणार नाही. आईवडील डाव्या विचारांचे. लहानपणी अण्वस्त्रविरोधी मोर्चात त्यांनी थॅचरबाईंच्या विरोधात घोषणा दिल्या होत्या. तरुणपणी त्या लिबरल डेमोक्रॅट झाल्या आणि १९९४ साली त्या पक्षाच्या अधिवेशनात राजेशाही रद्द करावी असे भाषण त्यांनी केले. पुढे त्या हुजूरपक्षात आल्या. २०१६ च्या सार्वमतात त्यांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने प्रचार केला आणि निकाल लागताच संघाबाहेर पडण्याच्या कट्टर पुरस्कर्त्या झाल्या. ज्या थॅचरबाईंच्या विरोधात घोषणा दिल्या, त्यांच्याच धाटणीची छायाचित्रे काढून घेण्यापर्यंत हा प्रवास पोचला. माणसाने मते बदलू नयेत असे नाही. परंतु प्रत्येक वेळी मत बदलल्यावर आधीच्यापेक्षा मोठे पद मिळावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

त्यांची एक श्रद्धा मात्र मंत्रिपदे बदलली तरी ढळली नाही. २०१२ साली हुजूरपक्षाच्या पाच तरुण खासदारांनी मिळून एक पुस्तक लिहिले. ट्रसबाई त्यांच्यापैकी एक, आणि पुढे त्यांचे अर्थमंत्री झालेले क्वासी क्वार्टेंग हे दुसरे. ब्रिटिश कामगार हा जगातल्या अत्यंत आळशी कामगारांपैकी आहे, असा निष्कर्ष त्या पुस्तकात काढला होता. त्यात भारताचाही गौरव होता. भारतातली मुले डॉक्टर किंवा उद्योजक होण्याची स्वप्ने पाहतात आणि ब्रिटिश मुले फुटबॉल व पॉप संगीतात रमतात, अशी तुलना होती. ज्या देशातल्या असंख्य खेड्यांत डॉक्टर दिसत नाही, त्या देशातली मुले डॉक्टर होण्याची स्वप्ने का पाहतात, याचा विचार करण्याइतका वेळ ग्रंथकारांना मिळाला नसावा. असो. कामगारांना आळशी ठरविणाऱ्या या ग्रंथकारांनी पुढे राज्य हाती आल्यावर साधी बेरीज-वजाबाकी करण्याचाही कंटाळा केला, हे या कथेचे पुढचे प्रकरण आहे.

सुखाचे दहा दिवस

सत्ता हाती येताच पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. अर्थखात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना तडकाफडकी काढून टाकण्यात आले. त्यांचा दोष एवढाच की ते जुन्या अर्थशास्त्राचे, म्हणजे जमा आणि खर्च ही दोन्ही पाने पाहण्याच्या सवयीचे होते. दुसरी गोष्ट विजेच्या व गॅसच्या बिलांची. युक्रेनच्या युद्धामुळे ऊर्जेचे भाव भडकले होते आणि हिवाळा तोंडावर होता. सर्वसाधारण कुटुंबाचे वार्षिक बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखून धरण्याची हमी सरकारने ८ सप्टेंबरला दिली. ही हमी आवश्यकच होती आणि तिचे श्रेय ट्रसबाईंना दिले पाहिजे. परंतु तिचा पैसा कोठून आणावयाचा? तेल व वायू कंपन्यांना युद्धामुळे जो आयता नफा झाला त्यावर जादा कर बसवा, अशी मागणी मजूरपक्षाने केली. ट्रसबाईंनी ती साफ नाकारली. नफ्याला हात लावल्यास गुंतवणूक रुसते असे त्यांचे मत. म्हणून कंपन्यांचा नफा कंपन्यांकडे राहिला आणि बिलाचा बोजा कर्जाच्या रूपाने जनतेच्या पुढच्या पिढीकडे पाठविण्यात आला.

त्याच दिवशी संध्याकाळी राणी एलिझाबेथ यांच्या निधनाची वार्ता आली. दुखवटा सुरू झाला, राजकारण थांबले. १९ सप्टेंबरच्या अंत्यविधीपर्यंत सरकारने काही केले नाही, विरोधकांनी काही विचारले नाही आणि कोणाच्या घरकर्जाचा हप्ता त्यामुळे वाढला नाही. पुढचा अनुभव लक्षात घेता ट्रसबाईंच्या कारकिर्दीतला हाच सर्वोत्तम कालखंड मानावा लागेल. राज्यकर्त्याने राज्य केले नाही तेवढेच दिवस प्रजेला सुखाचे गेले, असे उदाहरण इतिहासकारांना दुसरीकडे शोधावे लागेल.

छोटा अर्थसंकल्प, मोठी माणसे

२३ सप्टेंबरला क्वार्टेंग यांनी अर्थविषयक निवेदन केले. त्याला वर्तमानपत्रांनी ‘छोटा अर्थसंकल्प’ म्हटले. त्या छोट्या अर्थसंकल्पात सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात होती. १९७२ नंतर एवढी मोठी करकपात झाली नव्हती. कंपन्यांवरील कर १९ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेण्याचा आधीच्या सरकारचा निर्णय रद्द झाला. राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीतली वाढ मागे घेण्यात आली. वर्षाला दीड लाख पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्यांवरचा ४५ टक्क्यांचा सर्वोच्च दर काढून टाकण्याचे जाहीर झाले. बँकांतल्या बड्या अधिकाऱ्यांच्या बोनसवर युरोपीय संघाच्या काळापासून असलेली मर्यादाही उठविण्यात आली.

आता हिशेब पाहा. वर्षाला दहा लाख पौंड कमावणाऱ्या गृहस्थाला एकट्या सर्वोच्च दराच्या रद्दबातलीने ४२,५०० पौंड सुटणार होते. वर्षाला वीस हजार पौंड मिळविणाऱ्या कामगाराला प्राप्तिकराच्या मूळ दरात केलेल्या एका टक्क्याच्या कपातीने सुटणार होते ७४ पौंड. दोघांनाही सूट मिळाली, म्हणून अर्थसंकल्प समन्यायी, असे म्हणणारेही निघाले. पंगतीत एकाला श्रीखंडाचे पातेले आणि दुसऱ्याला पातेल्याचे झाकण चाटावयास दिले, तर दोघांनीही श्रीखंड खाल्ले असे म्हणता येते, त्यातलाच हा प्रकार.

त्याच निवेदनात आणखी दोन कलमे होती. त्यांची चर्चा फार झाली नाही, पण अभ्यासवर्गाने त्यांची नोंद घ्यावी. अर्धवेळ काम करून सरकारी साहाय्यावर भागविणाऱ्या सुमारे १ लाख २० हजार लोकांनी कामाचे तास वाढविण्यासाठी धडपड केली नाही, तर त्यांचे साहाय्य कापले जाईल, असे एक कलम होते. मालकांनी देऊ केलेली पगारवाढ कामगार संघटनांनी प्रत्येक वेळी सभासदांच्या मतदानाला टाकलीच पाहिजे, असा कायदा करू, हे दुसरे. त्या उन्हाळ्यात रेल्वे व टपाल कामगार संपावर होते. महागाई दहा टक्क्यांच्या घरात होती. या सरकारचे मानसशास्त्र येथे स्वच्छ दिसते. श्रीमंत माणसाने अधिक काम करावे म्हणून त्याला अधिक पैसे द्यावे लागतात. गरीब माणसाने अधिक काम करावे म्हणून त्याचे पैसे कमी करावे लागतात. मनुष्यस्वभाव उत्पन्नाच्या कोणत्या आकड्यापाशी पालटतो, हे मात्र निवेदनात सांगितलेले नव्हते.

या सगळ्याच्या मुळाशी झिरपण्याचा सिद्धांत आहे. वरच्यांचे हौद भरा, म्हणजे ते ओसंडून खालच्यांच्या घागरी आपोआप भरतील, असा तो सिद्धांत. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला याची फोड करून सांगावयास नको. धरण भरले म्हणून कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला पाणी मिळतेच असे नाही. मधल्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मोटार लावून बसलेला असतो. भारतातही २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांवरील कराचा दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. हा सिद्धांत विलायतेतच राहतो असे कोणी समजू नये.

देव रुसला

कर कमी केल्याने ब्रिटनची बाजारपेठ आनंदित होईल अशी ट्रसबाईंची अपेक्षा होती. परंतु बाजारदेवतेला भक्ताच्या भावाशी कर्तव्य नसते, तिला नैवेद्याची खात्री लागते. ४५ अब्ज पौंड कोठून आणणार, याचे उत्तर निवेदनात नव्हते. सरकारी अंदाजपत्रके तपासणारी स्वतंत्र संस्था २०१० साली हुजूरपक्षाच्याच सरकारने स्थापन केली होती. तिने आकडेमोड करून देण्याची तयारी दाखविली, ती सरकारने नाकारली. परीक्षेला बसण्यापूर्वी परीक्षकालाच वर्गाबाहेर काढावे, असा हा व्यवहार झाला. आणि रविवारी क्वार्टेंग यांनी दूरचित्रवाणीवर आणखी करकपात पुढे येणार आहे असे सूचित केले. सोमवारी, २६ सप्टेंबरला, पौंडाची किंमत १.०४ डॉलरच्याही खाली, आजवरच्या नीचांकावर गेली.

दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ब्रिटनच्या सरकारला जाहीर समज दिली की या धोरणाने विषमता वाढण्याचा संभव आहे, त्याचा फेरविचार करा. नाणेनिधीने विषमतेची काळजी करावी, ही घटना लहान नव्हे. गरीब देशांना अनुदाने कापावयास लावणारी ही संस्था. जुलै १९९१ मध्ये भारताला परकी चलनासाठी सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले होते, तेव्हा भारताला शिस्तीचे पाठ देणाऱ्यांत लंडनचे पंडितही होते. एकतीस वर्षांनी त्या पंडितांच्या सरकारलाच छडी खावी लागली. 

२८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला धावून यावे लागले. सरकारी रोख्यांचे भाव इतक्या वेगाने कोसळले की त्यांच्या आधारावर कर्जे उचलून बसलेले निवृत्तिवेतन निधी बुडण्याच्या बेतात आले. बँकेने ६५ अब्ज पौंडांपर्यंत रोखे खरेदी करण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा पडझड थांबली. घरकर्ज देणाऱ्या संस्थांनी शेकडो योजना रातोरात मागे घेतल्या. दोन वर्षांच्या ठरावीक व्याजाच्या घरकर्जाचा सरासरी दर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास होता, तो पंधरवड्याच्या आत सहा टक्क्यांच्या वर गेला. छोट्या अर्थसंकल्पाचे मोठे बिल असे घराघरांत पोचले.

माघारीची मोहीम

यानंतरचे तीन आठवडे म्हणजे माघारीची मोहीम. एकही लढाई न लढता ती त्यांनी शेवटपर्यंत नेली. ३ ऑक्टोबरला सर्वोच्च दराची सूट मागे घेतली. ५ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या पक्षाधिवेशनात ट्रसबाईंनी ‘विकासविरोधी आघाडी’वर तोफ डागली. त्या आघाडीत मजूरपक्ष, लिबरल, स्कॉटिश राष्ट्रवादी, कामगार संघटना, अभ्यासमंडळे, पर्यावरणवादी आणि दूरचित्रवाणीवर बोलणारे लोक अशी सर्व मंडळी होती. पौंड विकणाऱ्या सटोडियांचे नाव तेवढे यादीत नव्हते. ज्यांनी खरोखर दगड मारला त्यांना नमस्कार आणि जे रस्त्याने चालले होते त्यांना शिव्या, ही रीत आपल्याकडेही अपरिचित नाही.

१४ ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना वॉशिंग्टनमधल्या नाणेनिधीच्या बैठका अर्धवट टाकून परत यावे लागले आणि आल्याबरोबर त्यांना डच्चू मिळाला. ते ३८ दिवस अर्थमंत्री होते. त्यांच्याहून अल्पकाळ त्या पदावर राहिलेले इयन मॅक्लाउड १९७० साली ३० दिवसांतच मृत्यू पावले. म्हणजे पंतप्रधान आणि अर्थमंत्री या दोघांनाही आपापल्या पदावर केवळ मृतांनीच मागे टाकावे किंवा गाठावे, असा हा जोडविक्रम आहे. क्वार्टेंग यांचा गुन्हा कोणता? त्यांनी ट्रसबाईंचे धोरण अमलात आणले, हा. त्या दिवशीची पंतप्रधानांची पत्रकार परिषद आठ मिनिटांत आटोपली. चार प्रश्न झाले आणि बाई निघून गेल्या.

नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी १७ ऑक्टोबरला छोट्या अर्थसंकल्पातले जवळजवळ सर्व काही पुसून टाकले. विजेच्या बिलांची दोन वर्षांची हमीसुद्धा पुढच्या एप्रिलपर्यंत आखडली. त्याच दिवशी सभागृहात विरोधकांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयास पंतप्रधान आल्या नाहीत. त्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्या पेनी मॉर्डंट यांना, पंतप्रधान टेबलाखाली लपलेल्या नाहीत, असा खुलासा करावा लागला. १९ ऑक्टोबरला ट्रसबाई सभागृहात म्हणाल्या की आपण लढणाऱ्या आहोत, सोडून जाणाऱ्या नाही. त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि रात्री सरकारचे मुख्य प्रतोद पदावर आहेत की नाहीत हेच मध्यरात्र उलटेपर्यंत कोणाला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रसबाईंनी राजीनामा जाहीर केला.

याच सुमारास लंडनच्या एका खपाऊ दैनिकाने ६० पेन्सचा लेट्यूसचा गड्डा आणून त्याच्यावर अखंड कॅमेरा रोखला. लेट्यूस म्हणजे आपल्या कोबीची नाजूक प्रकृतीची बहीण. आधी कोमेजेल ते कोण, भाजी की पंतप्रधान, असा पैजेचा विषय होता. भाजी जिंकली. यात भाजीचे कौतुक फारसे नाही. तिने फक्त काही केले नाही. ट्रसबाईंनीही दुखवट्यातल्या आपल्या धोरणाला चिकटून राहावयाचे ठरविले असते, तर निकाल वेगळा लागता.

बाईंची कैफियत

न्यायाच्या दृष्टीने आरोपीची कैफियत ऐकली पाहिजे. ट्रसबाई पुढे म्हणू लागल्या की आपल्याला नोकरशाहीने, बँक ऑफ इंग्लंडने आणि प्रस्थापित अर्थपंडितांनी पाडले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचे पुस्तक आले. पश्चिमेला वाचविण्यासाठी दहा वर्षे उरली आहेत, असा त्याचा इशारा आहे. जुलै २०२४ च्या निवडणुकीत त्यांना स्वतःचा मतदारसंघही वाचविता आला नाही. २०१९ साली २६ हजारांच्या आधिक्याने जिंकलेली ती जागा मजूरपक्षाने ६३० मतांनी घेतली.

तरीही त्यांच्या कैफियतीत सत्याचा अंश आहे, तो नाकारू नये. निवृत्तिवेतन निधींनी कर्जाच्या जोरावर जो जुगार मांडला होता तो ट्रसबाईंनी सुरू केलेला नव्हता, आणि रोख्यांच्या पडझडीत त्या जुगाराचा वाटा मोठा होता. या निधींवर कोणी लक्षच ठेवले नव्हते, ही त्यांची तक्रार खरी आहे. फक्त ती कोणाच्या तोंडून येते आहे हे पाहावे. सरकारने निर्बंध उठवावेत, अर्थव्यवस्था मोकाट सोडावी, असे सांगत ज्यांनी सारी कारकीर्द घालविली, त्यांची अखेरची तक्रार अशी की निर्बंध पुरेसे नव्हते! मोकाट सोडलेल्या बैलाने शिंगावर घेतल्यावर दावणीचे महत्त्व पटावे, तसे हे झाले.

हसून झाल्यावर

येथवर हसणे झाले. आता घरचा प्रश्न.

ट्रसबाई गेल्या तेव्हा अनेक डाव्या मंडळींना आनंद झाला. तो स्वाभाविक होता. परंतु त्यांना घालविले कोणी? पावणेपाच कोटी मतदारांना विचारले गेले नव्हते, आणि त्यांना काढतानाही विचारले गेले नाही. ८१ हजारांनी बसविले, रोख्यांच्या व्यापाऱ्यांनी उठविले. बाजार विषमतेवर रागावला होता, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. धनिकांना दिलेली सूट इस्पितळे आणि शाळा यांच्या खर्चात तेवढीच कपात करून भरून काढली असती, तर त्याच बाजाराने ट्रसबाईंना आशीर्वाद दिला असता. बाजाराचा आक्षेप लुटीला नव्हता, लूट उधारीवर होती याला होता.

आणि हाच हात उद्या समाजवादी सरकारच्या मस्तकावर येणार नाही असे कोण म्हणेल? तो आलेलाच आहे. ऑगस्ट १९३१ मध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे मजूर मंत्रिमंडळ बेकारभत्त्यातल्या दहा टक्के कपातीवरून फुटले. ती कपात केल्याशिवाय न्यूयॉर्कचे सावकार कर्ज देण्यास तयार नव्हते. १९७६ साली जेम्स कॅलाहॅन यांच्या मजूर सरकारला नाणेनिधीच्या दारात उभे राहून सार्वजनिक खर्च कापावा लागला. फ्रान्समध्ये मित्तराँ १९८१ साली राष्ट्रीयीकरणाचा कार्यक्रम घेऊन आले, आणि १९८३ च्या मार्चमध्ये फ्रँक सावरण्यासाठी त्यांना काटकसरीकडे वळावे लागले. ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६१ टक्के मतदारांनी सावकारांच्या अटी नाकारल्या. आठ दिवसांत त्यांच्याच सरकारने तशाच अटी मान्य केल्या. म्हणून बाजाराने प्रतिगामी सरकार पाडले यावर टाळ्या वाजविताना समाजवाद्यांनी एक हात आपल्या पाठीवर ठेवावा.

दुसरी गोष्ट, बिल कोणी भरले? १७ नोव्हेंबर २०२२ रोजी हंट यांनी करवाढ आणि खर्चकपात मिळून सुमारे ५५ अब्ज पौंडांची योजना मांडली. घरकर्जाचे हप्ते वाढलेच होते. डिसेंबरात परिचारिका रस्त्यावर आल्या. त्यांच्या संघटनेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा संप. पगारवाढीला पैसा नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. ट्रसबाईंना मात्र माजी पंतप्रधान या नात्याने सार्वजनिक कार्याच्या खर्चापोटी वर्षाला १ लाख १५ हजार पौंडांपर्यंतचा भत्ता मागण्याचा अधिकार मिळाला. ४९ दिवसांच्या कामावर एवढा हक्क कोणत्या आळशी कामगाराने मिळविला असता?

आणि तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. त्या छोट्या अर्थसंकल्पातले जवळजवळ सर्व काही पुसले गेले, तरी जे थोडे वाचले त्यात बँक अधिकाऱ्यांच्या बोनसवरची मर्यादा उठविण्याचे कलम होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मर्यादा रीतसर रद्द झाली. जानेवारी २०२४ मध्ये विरोधी मजूरपक्षानेही सांगून टाकले की सत्तेवर आल्यास आपण ती पुन्हा बसविणार नाही. गड पडला, गडकरी पळाला, शिबंदी पांगली. तिजोरी तेवढी ज्याच्यासाठी उघडली त्याच्या घरी सुखरूप पोचली. कोणाचे राज्य औट घटकेचे आणि कोणाचे कायमचे, हे यावरून ओळखावे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले म्हणजे हिशेब शिकावा. ट्रसबाई पडल्या त्या तत्त्वज्ञानामुळे तितक्या नव्हे, जितक्या हिशेब लपविल्यामुळे. गरिबांसाठी शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन मागणाऱ्या पक्षाने त्याचा पैसा कोणाच्या नफ्यातून, कोणाच्या संपत्तीतून, कोणत्या करातून येणार, हे आकड्यांसह आणि नाव घेऊन सांगितले पाहिजे. ‘सरकारने द्यावे’ एवढ्यावर थांबणारी मागणी म्हणजे आपल्या बाजूचा छोटा अर्थसंकल्पच होय.

दुसरे म्हणजे बाजार रुसेल तेव्हा सरकारच्या मागे उभे राहील अशी संघटित जनता निवडणुकीच्या आधी तयार झाली पाहिजे. १९३१ च्या मॅक्डोनल्डपाशी खुर्ची होती, मागे उभी राहील अशी तयार केलेली जनता नव्हती. ज्या पक्षाचा कार्यकर्ता गावातल्या सोसायटीचा ताळेबंद वाचू शकत नाही आणि ज्याच्या सभेला आलेल्या माणसाला आपला हप्ता कोणामुळे वाढला हे कळत नाही, त्या पक्षाला सत्ता मिळाली तरी ती सावकाराच्या मर्जीवरच टिकेल.

लेट्यूसचा तो गड्डा केव्हाच कचऱ्यात गेला. वाढलेल्या व्याजाचे हप्ते मात्र ज्यांनी त्यानंतर कर्जाचे नवे करार केले ती कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे भरत राहिली. राज्यकर्त्यांचे विदूषकी चाळे पाहून हसावे, पण पडदा पडल्यावर नाटकगृहाचे भाडे कोण भरतो तेही पाहावे. ते पाहणारे डोळे तयार करणे हेच अभ्यासवर्गाचे काम.